टेट्रिस: मोड बदलला की रचायची पद्धतही बदला

टेट्रिस सुरू केलं की मेन्यूत मॅरेथॉन, स्प्रिंट, अल्ट्रा, व्हर्सस अशी नावं दिसतात. नवा खेळाडू त्यातलं पहिलंच नाव दाबतो, ठोकळे छतापर्यंत चढेपर्यंत झुंजतो आणि ‘आपले हात मंद आहेत’ असं ठरवून बाजूला होतो. मंद हात हे फार पुढचं दुखणं. सुरुवातीचे डाव जातात ते ओबडधोबड रचनेमुळे, आणि थोडं जमायला लागल्यावर जातात ते सगळे मोड एकाच सवयीने खेळल्यामुळे. मॅरेथॉनमध्ये जी सवय तारते तीच व्हर्ससमध्ये बुडवते. म्हणून आधी सगळीकडे लागणारा पाया बघू आणि मग एकेका मोडकडे वळू.

पट आणि सात ठोकळे

पट १० रकाने रुंद आणि २० ओळी उंच असतो. गेम बॉयवरच्या १९८९ च्या आवृत्तीत मात्र १८ ओळी होत्या, त्यामुळे ती खेळताना जागा लवकर संपल्यासारखी वाटते. अलेक्सी पाजित्नोवने १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात हा खेळ बनवला तेव्हा त्याच्याकडच्या एलेक्ट्रॉनिका ६० या यंत्राला चित्रं दाखवताच येत नव्हती, म्हणून ठोकळे कंसांच्या चिन्हांनी काढलेले होते. नव्वदच्या दशकात आपल्याकडे बऱ्याच घरांत पोचलेला ‘९९९९ इन १’ ब्रिक गेम हे याच खेळाचं सोपं रूप. तो खेळलेल्यांना ठोकळ्यांची ओळख करून द्यायला नको. फक्त आजच्या आवृत्त्यांत होल्ड (एक ठोकळा बाजूला ठेवायची सोय), सावली आणि पुढच्या ठोकळ्यांची रांग या तीन गोष्टी नव्या आहेत.

प्रत्येक ठोकळा चार घरांचा आणि आकार सात. इंग्रजी अक्षरांवरून त्यांची नावं आय, ओ, टी, एस, झेड, जे आणि एल अशी आहेत. अलीकडच्या अधिकृत आवृत्त्यांत रंगही ठरलेले असतात: आय आकाशी, ओ पिवळा, टी जांभळा, एस हिरवा, झेड लाल, जे निळा, एल नारिंगी. रंग पाठ करायची गरज नाही, दोन-चार दिवसांत डोळाच ओळखायला लागतो.

ठोकळे कसे येतात हे मात्र पहिल्याच दिवशी समजून घ्या. आधुनिक टेट्रिसमध्ये हाऊजीच्या पिशवीसारखी व्यवस्था आहे. पिशवीत सातही ठोकळे एकेक असतात, ते कोणत्याही क्रमाने बाहेर येतात, पिशवी रिकामी झाली की पुन्हा सात भरले जातात. याचा अर्थ असा की दोन आयच्या मध्ये जास्तीत जास्त १२ इतर ठोकळे येऊ शकतात, तेराव्या वेळी आय येणारच. ‘दांडी (म्हणजे आय) येतच नाही’ ही जुन्या यंत्रांवरची तक्रार तिथे खरी होती, कारण त्या यंत्रांत पिशवी नव्हती. आज ती तक्रार केली तर बहुधा तुम्ही दांडीची वाट बघत ढीग फार उंच नेलेला असतो.

कळा लावून घ्या

संगणकावर ब्राउझरमध्ये खेळायचं तर टेट्र डॉट आयओ आणि जेस्ट्रिस हे दोन मोफत पर्याय पुरेसे आहेत. सरावाला कीबोर्ड किंवा गेमपॅडच घ्या. मोबाइलवर बोट सरकवून खेळता येतं, पण ठोकळा एक घर जास्त सरकला की चूक आपली होती की काचेची, हे कळत नाही आणि सुधारणा खुंटते.

नेहमीची मांडणी अशी: डावा-उजवा बाण सरकवायला, वरचा बाण घड्याळाच्या दिशेने फिरवायला, झेडची कळ उलट्या दिशेने फिरवायला, खालचा बाण हळू उतरवायला, स्पेस बार एकदम खाली टाकायला आणि सी किंवा शिफ्ट होल्डला. दोन्ही दिशांना फिरवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. ब्रिक गेममध्ये फिरवायचं बटण एकच असल्यामुळे तिथून आलेले खेळाडू एका दिशेने तीनदा फिरवतात. जिथे उलटं एकदा दाबून भागतं तिथे तीन दाबण्यांत वेळ जातो आणि चौथी चुकून दाबली जाते.

होल्डला शिफ्ट ठेवणार असाल तर विंडोजमधली स्टिकी कीज ही सोय आधी बंद करा. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की तिची खिडकी पटावर येते, आणि ती यायची ती नेमकी अडचणीच्या क्षणी. तसंच संगणकावर मराठी कीबोर्ड चालू असेल तर खेळाआधी इंग्रजी करून घ्या. नाहीतर कधी कधी झेड आणि सी दाबूनही काही घडत नाही आणि माणूस उगाच खेळाला दोष देतो.

आता सरकण्याचा वेग. बाण दाबून धरलात की ठोकळा एक घर सरकतो, क्षणभर थांबतो आणि मग सरसर भिंतीपर्यंत जातो. त्या थांब्याला डीएएस आणि नंतरच्या सरकण्याच्या वेगाला एआरआर म्हणतात. टेट्र डॉट आयओमध्ये मुळात डीएएस १० फ्रेम (एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग), म्हणजे सुमारे १६७ मिलिसेकंद, आणि एआरआर २ फ्रेम असतो. सुरुवातीचे काही दिवस तसाच ठेवा. मग डीएएस ८ फ्रेमपर्यंत आणा. एक घर सरकवायचं असताना ठोकळा भिंतीला जाऊन आदळायला लागला तर तुमच्या बोटाच्या मानाने डीएएस फार कमी झालाय, एक-दोन फ्रेम वाढवा. नामांकित खेळाडूंचे आकडे उचलून लावू नका. त्यांची बोटं कळेवरून आपल्यापेक्षा कितीतरी लवकर उठतात.

सपाट ठेवायचं म्हणजे नक्की काय

‘सपाट ठेवा’ हा सल्ला सगळे देतात, पण पूर्ण सपाट पृष्ठभागही अडचणीचाच असतो. एस आणि झेड सपाट जागेवर कसेही ठेवले तरी खाली भोक सोडतात. आपल्याला हवा आहे तो जवळपास सपाट पृष्ठभाग, ज्यात एक-दोन ठिकाणी एका घराची पायरी असेल.

कुठला ठोकळा कशावर बसतो हे डोळ्यात भरून घ्या. आडवा एस बसायला डावीकडचे दोन रकाने सारखे आणि तिसरा एक घर उंच लागतो. उभा एस बसायला डावा रकाना उजव्यापेक्षा एक घर उंच हवा. झेडचं याच्या नेमकं उलट: आडव्यासाठी डावीकडचा रकाना एक घर उंच आणि त्याच्या उजवीकडचे दोन सारखे, उभ्यासाठी उजवा रकाना एक घर उंच. म्हणजे पटावर एक चढती आणि एक उतरती पायरी कायम असली की हे दोन हट्टी ठोकळे कधीही आले तरी जागा मिळते. ओला दोन सारखे रकाने लागतात, बाकी काही नाही. टीला जवळजवळ कुठेही जागा सापडते, म्हणून तो आला की हात घाईने त्याला कुठेतरी टाकतो. तसं करू नका. पृष्ठभागावरचा एखादा खाच-खळगा दुरुस्त करायला टीसारखा ठोकळा नाही.

खोली मोजायला शिका. दोन्ही बाजूंनी बंद असा एक रकाना रुंद खड्डा एक घर खोल असेल तर टी, जे, एल यांपैकी कोणीही भरतो. दोन घरं खोल झाला तर जे, एल आणि आय उरतात. तीन घरं खोल झाला की फक्त आय. असे तीन घरं खोल खड्डे एकाच वेळी दोन तयार झाले तर डाव हातातून निसटायला लागला म्हणून समजा, कारण एका पिशवीत आय एकच असतो आणि तुम्हाला दोन हवेत. त्यातला एक खड्डा मुद्दाम केलेला असावा आणि दुसरा होऊच देऊ नये, असा साधा हिशोब आहे.

मुद्दाम केलेला खड्डा म्हणजे कडेचा मोकळा रकाना. नऊ रकाने भरत न्यायचे, उजवीकडचा दहावा मोकळा ठेवायचा आणि चार ओळी तयार झाल्या की त्यात उभा आय टाकायचा. चार ओळी एकदम जातात. या एकाच चालीला खेळाचं नाव आहे, टेट्रिस. नवख्याने हीच पद्धत घ्यावी आणि उजवी बाजू ठरवून टाकावी. एका डावात डावा, दुसऱ्या डावात मधला असं केलं तर हाताला वळण लागत नाही.

भोक पडलं तर? आधी बघा ते किती थरांखाली गेलंय. वर एकच ओळ असेल तर ती ओळ पूर्ण करून भोक उघडा, मग पुढचं. नवे खेळाडू भोक पडल्यावर काहीच घडलं नाही अशा थाटात वर रचत राहतात. आठ-दहा ठोकळ्यांनी ते पाच ओळींखाली जातं आणि मग ते खणून काढणं डावातलं सगळ्यात महागडं काम होऊन बसतं.

होल्डचा वापर साठवणीसाठी करा. त्यात आय ठेवणं हा नवख्यासाठी उत्तम नियम आहे: चार ओळी तयार होईपर्यंत आय हातात आहे, म्हणजे दांडीची चिंता नाही. मात्र एकदा होल्ड वापरला की तो ठोकळा खाली बसेपर्यंत पुन्हा वापरता येत नाही. घाबरून दोनदा दाबणाऱ्यांना हे उशिरा कळतं.

आणि नजर. बहुतेकांची नजर पडत्या ठोकळ्याच्या मागे मागे जाते. तो कुठे बसणार हे तळाशी दिसणारी फिकट सावली सांगत असते, त्यामुळे त्याच्याकडे बघायचं काही कारण नाही. नजर पृष्ठभागावर आणि पुढच्या दोन ठोकळ्यांवर ठेवा. पाच ठोकळ्यांची रांग दिसत असली तरी सुरुवातीला दोनच पुरे.

मॅरेथॉन: इथून सुरुवात

नेहमीच्या मॅरेथॉनमध्ये १५० ओळी फोडायच्या असतात. दर १० ओळींना एक लेव्हल, एकूण १५ लेव्हल. लेव्हल १ ला ठोकळा एका सेकंदात एक ओळ उतरतो. लेव्हल ५ ला सुमारे ०.३६ सेकंदात, लेव्हल १० ला ०.०६ सेकंदात. म्हणजे दहाव्या लेव्हलला रिकाम्या पटावरून तळ गाठायला सव्वा सेकंद लागतो, आणि पंधराव्याला सेकंदाचा जेमतेम सातवा भाग.

गुण असे मिळतात: एक ओळ १००, दोन ३००, तीन ५००, चार ८००, आणि हे सगळं चालू लेव्हलने गुणलं जातं. लागोपाठच्या दोन टेट्रिसमध्ये साधी एक-दोन-तीन ओळींची फोड आली नाही तर दुसऱ्याला दीडपट गुण मिळतात. याला बॅक-टू-बॅक म्हणतात. हार्ड ड्रॉपला, म्हणजे ठोकळा एकदम खाली टाकण्याला, प्रत्येक घरामागे २ गुण आणि हळू उतरवण्याला १.

यावरून डावाची आखणी ठरते. पहिल्या तीन-चार लेव्हलला एकेरी ओळ फोडून फारसं काही मिळत नाही, तिथे धीराने टेट्रिस रचा. पण लेव्हल १० नंतर तीच चाल दहापट गुणांची असते, म्हणून तिथपर्यंत जिवंत पोचणं जास्त मोलाचं. पटाची अर्धी उंची ओलांडली आणि आय रांगेत दिसत नसेल तर मोकळ्या रकान्यात जे किंवा एल टाकून दोन-तीन ओळी खुशाल फोडा. आठ ओळींच्या ढिगावर दांडीची वाट बघणं ठीक, चौदा ओळींवर तो जुगार आहे.

वरच्या लेव्हलला एक गोष्ट उलटी होते आणि इथेच बहुतेक मॅरेथॉन संपतात. ठोकळा पटाच्या मध्यावर येतो. वेग कमी असताना मधला भाग थोडा खोलगट असला तरी तो वरून सरकवत कडेला नेता येतो. वेग वाढला की ठोकळा आल्या आल्या पृष्ठभागावर टेकतो आणि मग तो फक्त जमिनीवरून सरकू शकतो, चढू शकत नाही. मधे खळगा असेल तर तो त्यातच अडकतो. म्हणून दहाव्या लेव्हलच्या आसपासच मधला भाग कडांपेक्षा एक-दोन घरं उंच करायला घ्या. ठोकळे उताराने दोन्ही बाजूंना जातात. टेकल्यावर ठोकळा पक्का व्हायला अर्धा सेकंद मिळतो आणि सरकवलं किंवा फिरवलं की तो अर्धा सेकंद पुन्हा सुरू होतो. पण अशी सवलत साधारण १५ हालचालींपुरतीच असते. मास्टर नावाच्या मोडमध्ये तर ठोकळा पहिल्या क्षणापासूनच तळाशी असतो, तिथे हीच डोंगरासारखी रचना सुरुवातीपासून लागते.

नवख्याने लेव्हल १ वरून सुरू करून एकदा १५० ओळी पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या मोडकडे फारसं बघू नये, असं आमचं मत आहे.

स्प्रिंट: ४० ओळी, कमीत कमी वेळ

इथे गुणांना अर्थ नाही, फक्त घड्याळ. चाळीस ओळी म्हणजे ४०० घरं, म्हणजे किमान १०० ठोकळे. शंभर ठोकळ्यांत साधारण १४ आय येतात आणि दहा टेट्रिसना लागतात १०, म्हणजे चार-पाच आय वाया गेले तरी चालतं. दोन मिनिटांत संपवायचं तर एका ठोकळ्याला १.२ सेकंद मिळतात. एका मिनिटात संपवायचं तर ०.६. जगातले अव्वल खेळाडू १५ सेकंदांच्या आत संपवतात, पण तो आकडा बाजूला ठेवा. पहिलं लक्ष्य तीन मिनिटं, मग दोन.

वेग वाढवायचा मार्ग जोरात बडवणं हा नव्हे. मोजून कमी कळा दाबायच्या. प्रत्येक ठोकळा कुठल्याही रकान्यात न्यायला ठरावीक कमीत कमी दाबणी असतात, त्या शिस्तीला फिनेस म्हणतात. उदाहरणार्थ, ओ पाचव्या-सहाव्या रकान्यावर येतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात न्यायचा तर डावा बाण तीनदा दाबण्याऐवजी डावा धरून भिंतीला लावा आणि उजवा एकदा दाबा. दोन दाबण्यांत काम होतं. आय उजव्या भिंतीला उभा लावायचा तर एकदा घड्याळाच्या दिशेने फिरवा आणि उजवा बाण धरून ठेवा. बऱ्याच खेळांत फिनेसची चूक झाली की मोजून दाखवायची किंवा ठोकळा परत द्यायची सोय असते. ती लावून आठवडाभर हळू खेळा. वेळ आधी बिघडेल, मग सुधारेल.

शेवटच्या दोन-तीन ओळींसाठी दांडीची वाट बघत बसू नका. जे हाताशी असेल त्याने ओळी फोडून घड्याळ थांबवा. आणि भोक पडलं की डाव पुन्हा सुरू करायची सवय टाळा. सतत पहिल्या दहा ठोकळ्यांचाच सराव होतो आणि खणायला माणूस कधीच शिकत नाही.

अल्ट्रा किंवा ब्लिट्झ

दोन मिनिटांत जास्तीत जास्त गुण. जुन्या काही आवृत्त्यांत तीन मिनिटं असायची. स्प्रिंटचा वेग आणि मॅरेथॉनचा लोभ यांचं मिश्रण आहे. बॅक-टू-बॅक तुटू न देणं हेच इथलं मुख्य काम, आणि शेवटच्या दहा सेकंदांत अर्धवट रचलेल्या चार ओळी पडून राहिल्या तर त्यांची किंमत शून्य. घड्याळ पंधरावर आलं की नवं रचणं थांबवा, आहे ते फोडा.

टी-स्पिन: व्हर्ससच्या आधी

टी ठोकळा वरून पडून जिथे जाऊ शकत नाही अशा खाचेत त्याला फिरवून घालणं म्हणजे टी-स्पिन. नियम असा: शेवटची हालचाल फिरवण्याची हवी, आणि टीच्या मधल्या घराच्या चार तिरक्या कोपऱ्यांपैकी किमान तीन भरलेले हवेत. दोन ओळींच्या टी-स्पिनला १२०० गुण आहेत, म्हणजे चार ओळींच्या टेट्रिसपेक्षा दीडपट, निम्म्या ओळींत.

सरावासाठी झेन मोड उघडा, तिथे डाव संपत नाही. खालच्या ओळीत एकच घर मोकळं ठेवा. त्याच्या वरच्या ओळीत त्या घरासकट डावं-उजवं अशी तीन घरं मोकळी ठेवा. त्याच्याही वरच्या ओळीत उजवीकडच्या मोकळ्या घरावर एक घराचं छप्पर येईल असा एखादा ठोकळा ठेवा. आता टी असा फिरवा की तो उभा असेल आणि त्याचं नाक, म्हणजे मधून बाहेर आलेलं घर, डावीकडे असेल. मधल्या रकान्यात हळू उतरवा, हार्ड ड्रॉप नको. तळाला टेकला की उलट्या दिशेने एकदा फिरवा. नाक खाली होऊन खाच भरते आणि दोन ओळी जातात. छप्पर डावीकडे असेल तर सगळं आरशात बघितल्यासारखं: नाक उजवीकडे आणि घड्याळाच्या दिशेने फिरवणं.

नेहमी चुकतं ते छप्पर. ते दोन घरांचं झालं तर टी आत शिरतच नाही. छप्पर दिलंच नाही तर दोन ओळी जातात, पण तीन कोपरे न भरल्यामुळे ती साधी दुहेरी ओळ धरली जाते.

व्हर्सस आणि ९९ जणांची झुंज

दोघांच्या सामन्यात तुम्ही फोडलेल्या ओळी प्रतिस्पर्ध्याच्या पटाखाली कचरा म्हणून जातात. कचऱ्याच्या प्रत्येक ओळीत एक भोक असतं. नेहमीचा दर असा: एक ओळ फोडली तर काही जात नाही, दोनला १, तीनला २, टेट्रिसला ४. टी-स्पिनने एक ओळ फोडली तर २, दोन फोडल्या तर ४, तीन फोडल्या तर ६. बॅक-टू-बॅक असेल तर आणखी १. लागोपाठच्या ठोकळ्यांनी ओळी फुटत राहिल्या तर कॉम्बोचे वेगळे. तुमच्याकडे कचरा येत असताना तुम्ही हल्ला केलात तर तो आधी येणारा कचरा कापतो, उरलेला समोर जातो.

मॅरेथॉनमधून आलेला खेळाडू इथे दहा ओळींचा देखणा ढीग रचतो, तेवढ्यात समोरून आठ ओळी येतात आणि डाव संपतो. इथे ढीग सहा-सात ओळींच्या आत ठेवा. कचरा आला की त्यातलं भोक कुठल्या रकान्यात आहे ते आधी बघा आणि त्या रकान्यावर काहीही ठेवू नका. उजवीकडचा मोकळा रकाना ही मॅरेथॉनची सवय, पण भोक तिसऱ्या रकान्यात असेल तर मोकळा रकाना आता तिसरा. इतकं पटकन मन बदलता आलं पाहिजे. यासाठी जेस्ट्रिसवर चीझ रेस नावाचा सराव आहे: सुरुवातीलाच भोकं असलेल्या कचऱ्याच्या ओळी देतात, त्या खणून संपवायच्या. १० ओळींची शर्यत घ्या आणि वेळेपेक्षा ठोकळे मोजा. एका कचऱ्याच्या ओळीला सरासरी तीन-साडेतीन ठोकळे लागत असतील तर नवख्यासाठी चांगलं आहे.

निन्टेन्डो स्विचवरच्या २०१९ च्या टेट्रिस ९९ मध्ये एकाच वेळी ९९ जण खेळतात आणि हल्ला कोणावर करायचा ते निवडता येतं: कोणीही, मरायला टेकलेले, बिल्ले असलेले किंवा आपल्यावर हल्ला करणारे. सुरुवातीला काहीही न निवडता शांतपणे रचत राहा. आपल्यावर दोन-तीन जण एकदम तुटून पडले तर ‘हल्ला करणारे’ निवडा, कारण तेव्हा तुमचा हल्ला त्या सगळ्यांवर जातो. त्यासाठी चार ओळी तयार आणि होल्डमध्ये आय असेल तर बाजी पालटते.

जुनं निन्टेन्डो टेट्रिस

टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डो यंत्रावरच्या (एनईएस) १९८९ च्या या आवृत्तीवर २०१० पासून क्लासिक टेट्रिसची जागतिक स्पर्धा होते. इथे होल्ड नाही, सावली नाही, हार्ड ड्रॉप नाही, पुढचा ठोकळा एकच दिसतो आणि पिशवीही नाही, त्यामुळे दांडी वीस-तीस ठोकळे येत नाही असं सर्रास होतं. ए प्रकार म्हणजे अखंड खेळ. बी प्रकारात तळाशी कचरा ठेवून २५ ओळी फोडायच्या असतात, आणि कचऱ्याची उंची ० ते ५ मधून निवडायची.

गुणांतला फरक बघा. एक ओळ ४०, दोन १००, तीन ३००, चार १२००, आणि हे लेव्हल अधिक एकने गुणलेलं. चार एकेरी ओळींचे १६० आणि एका टेट्रिसचे १२००. आधुनिक खेळात हेच प्रमाण ४०० ला ८०० आहे. म्हणून इथले खेळाडू मोकळ्या रकान्यासाठी जिवावर उदार होतात. लेव्हल ० ला ठोकळा ४८ फ्रेममध्ये एक ओळ उतरतो, लेव्हल ९ ला ६, लेव्हल १८ ला ३, १९ ला २ आणि २९ पासून प्रत्येक फ्रेमला एक. बाण नुसता दाबून धरला तर २९ ला ठोकळा कडेपर्यंत पोचत नाही, म्हणून बरीच वर्षं तो खेळाचा शेवट मानला जायचा. कळ अतिवेगाने दाबायच्या नव्या पद्धतींनी ती भिंत फुटली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये एका १३ वर्षांच्या अमेरिकन मुलाने लेव्हल १५७ गाठून खेळच गोठवला.

मेन्यूत सुरुवातीची लेव्हल ९ पर्यंतच दिसते. ए बटण धरून स्टार्ट दाबलं की निवडलेल्या आकड्यात १० मिळवले जातात, म्हणजे ८ निवडलं तर डाव १८ पासून सुरू होतो. त्याआधी लेव्हल ५ वर बी प्रकार, उंची २ घेऊन २५ ओळी सहज फुटतात का ते बघा. फुटत नसतील तर १८ ला पहिला टेट्रिस रचून व्हायच्या आत ढीग छताला लागतो.